तुझ्या वहीतला पेसादो

रुक्कू,

तू गेलीस त्याला आज सदुसष्ट दिवस झाले. दिवस मोजायचं काम तुझं होतं. एकादशी कधी, गॅसचा सिलिंडर कधी लावला, आनंदला सर्दी होऊन किती दिवस झाले, सगळं तुझ्या बोटांवर असायचं. आता ते माझ्याकडे आलं आहे आणि मी ते नीट करतो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आज सोमवार. दूध तापवून झालं, शेजारच्या मीनाक्षी मामींनी दिलेलं रसम झाकून ठेवलं, आणि मी तुला लिहायला बसलो. हे पाठवायचं कुठे, असं तू विचारशील. माझं डोकं ठिकाणावर आहे. पण काल संध्याकाळी पाच वाजता जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

तू गुरुवारी गेलीस. शुक्रवारच्या क्लासचा तुझा स्पॅनिशचा गृहपाठ जेवणाच्या टेबलावर अर्धा लिहिलेला होता, त्यावर चष्मा होता. दोन दिवसांनी आनंद स्पेनहून एकटाच आला. त्यानंतरचा रविवार उजाडला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. संध्याकाळी साडेपाचला आनंदचा मोबाइल वाजला. तिकडून आपली सून लुसिया होती. आनंद बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलला आणि आत येऊन मला म्हणाला, "बाबा, इनेस सकाळपासून फोनजवळ बसलीये. आजीचा फोन का आला नाही विचारतेय. मी सांगितलंय, आजीला बरं नाहीये."

तू गेलीस म्हणजे काय, ते चितेजवळ उभा असताना कळलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. दर रविवारी पाच वाजता या घरातून स्पेनला फोन जायचा, तो तू करायचीस, आणि पाच वर्षांच्या आपल्या नातीशी तिच्या भाषेत बोलणारी या घरात तू एकटी होतीस. मला त्या भाषेतल्या नमस्काराच्या, 'ओला'च्या, पुढे काही येत नव्हतं. म्हणजे तुझ्याबरोबर तो रविवारही गेला होता.

आठवतं ना, ही स्पॅनिशची भानगड कशी सुरू झाली ते? आनंद इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट्स करायचा, तिथून सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून स्पेनला गेला आणि तिथलाच झाला. लुसियाला घेऊन इथे आला तेव्हा इनेस तीन वर्षांची होती. तीन आठवडे तू त्या पोरीला मांडीवर घेऊन मराठी बोललीस, तमिळ बोललीस, शेवटी नुसते हातवारे केलेस. निघताना विमानतळावर तिनं तुझी साडी धरून तुला काहीतरी विचारलं. तुला कळलं नाही. आनंद बॅगा चढवत होता. नंतर फोनवर तू त्याला विचारलंस तेव्हा तो म्हणाला, "काय माहीत अम्मा, लहान मुलं काहीही विचारतात." पुढच्या आठवड्यात तू अड्यारमधला क्लास शोधून काढलास.

मी म्हटलं, "आता या वयात?"

तू म्हणालीस, "ह्या वयांतच. पुढें वय कोठें आहे?"

आयनावरमच्या आपल्या घरापासून अड्यारला दोन बस. मंगळवारी आणि शुक्रवारी, छप्पन्नाव्या वर्षी, डब्यात दहीभात घेऊन तू जायला लागलीस. मी चेष्टा केली. आमच्या रेल्वेतल्या मित्रांना मी सांगत सुटलो की आमची ही आता परराष्ट्र खात्यात जाणार. तू हसायचीस, पण क्लास चुकवायची नाहीस.

आता माझी चूक सांगतो. तुझ्यासमोर कधी कबूल केली नाही, आता करतो.

तीस वर्षं मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात चेकर होतो. दुसऱ्यांनी काढलेल्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधायच्या आणि लाल पेन्सिलीनं गोल करायचा, एवढंच माझं काम. पाच वाजता ऑफिस सुटायचं, पण माझ्या हातातली पेन्सिल सुटायची नाही. मी साताऱ्याकडचा, तू तंजावरच्या मराठ्यांतली. तुझ्या मराठीत जुने शब्द, तमिळचा हेल, आणि 'सगळे' म्हणायच्या जागी 'अस्के'. लग्नानंतर पहिल्यांदा साताऱ्याला गेलो तेव्हा पंगत उठल्यावर तू ओसरीवर येऊन मोठ्या आपुलकीनं विचारलंस, "अस्के जेवले कां?" आणि ओसरी फुटेस्तोवर हसली. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. त्यानंतर साताऱ्यात तू फक्त मान हलवायचीस. आमच्या आईला पत्र लिहिता यावं म्हणून तू मुद्दाम देवनागरी शिकलीस, आणि ती पत्रं पेटीत टाकण्याआधी मी तपासायचो. किती गोल केले असतील मी! आईनं एकदा कळवलं, सूनबाईंच्या पत्रात खाडाखोड फार असते, हात थरथरतो का तिचा? मी ते पत्र तुला वाचून दाखवलं आणि त्यावरही हसलो.

तुझी स्पॅनिशची वही तू टेबलावर ठेवायचीस. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे मराठीत अर्थ. एका दुपारी मला काही काम नव्हतं. मी वही ओढली. स्पॅनिशमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी उजवीकडची बाजू तपासली. 'अस्के' वर गोल. 'कोठें' वर गोल. 'मज' खोडून 'मला'. चौदा पानं. वर समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'आधी आपली भाषा सुधारावी.' तुला आवडेल असं वाटलं होतं मला, खरंच सांगतो. तू वही बघितलीस, मिटलीस आणि म्हणालीस, "पोदुम." पुरे. एवढंच. पुढल्या पानापासून तू उजवी बाजू तमिळ अक्षरांत लिहायला लागलीस. मी म्हटलं, बरं झालं, मराठीची हत्या थांबली. अडतीस वर्षं या शहरात राहून मला तमिळ बोलता येतं, बसवरचे बोर्ड ओळखता येतात, पण सलग वाचता येत नव्हतं. हे तुला पुरतं ठाऊक होतं.

आणि मग तो पेसादो.

शारदानं, तुझ्या टीचरनं, मला हे नंतर सांगितलं. तिसऱ्याच तासाला तिनं प्रत्येकाला घरच्यांची ओळख करून द्यायला लावली. माझ्या नवऱ्याचं नाव अमुक, मुलाचं तमुक. तू उभी राहिलीस, "मी एस्पोसो से यामा", म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव, इथवर आलीस आणि थांबलीस. नवऱ्याचं नाव तू लग्नापासून कधी घेतलं नव्हतंस. रेशन कार्डाच्या ऑफिसातसुद्धा तू आनंदकडून वदवून घेतलंस. शारदाला वाटलं, बाई वाक्य विसरल्या. तिनं पुन्हा म्हणून दाखवलं. तू पुन्हा तिथेच थांबलीस. वर्गातली पोरं, कारखान्यातले दोन इंजिनियर आणि एक कॉलेजची मुलगी, खुदुखुदु हसायला लागली. मग तू खाली बघून शब्दकोश उघडलास, पानं उलटलीस आणि ताठ उभी राहून म्हणालीस, "मी एस्पोसो से यामा पेसादो." वर्ग कोसळला. शारदानं जीभ चावली आणि हजेरीत तुझ्या नावापुढे कंसात 'सेन्योर पेसादो यांची पत्नी' असं लिहून टाकलं. त्या दिवसापासून मी त्या वर्गात सेन्योर पेसादो झालो. मला पत्ताही नव्हता.

एकदा तू फोनवर इनेसशी बोलत असताना मी तो शब्द ऐकला आणि विचारलं, हे काय असतं? तू म्हणालीस, "वजनदार." मी खूश झालो. वजनदार माणूस, म्हणजे ज्याच्या शब्दाला चार ठिकाणी किंमत आहे असा. कुणी ऐकत असेल नसेल, मी बाल्कनीत उभा राहून दोनदा म्हणून पाहिला. पेसादो. चांगला वाटला.

मग तू एका रविवारी वर्गाला घरी जेवायला बोलावलंस. उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी केलीस, पुऱ्या केल्यास. दारात त्या कॉलेजच्या मुलीनं मला बघितलं आणि टाळी वाजवून ओरडली, "ओला, सेन्योर पेसादो!" दोघे इंजिनियर हसून हसून वाकले. मी विचारलं, वजनदार म्हणायला एवढं हसण्यासारखं काय आहे? एक इंजिनियर बिचारा साधा होता. तो म्हणाला, "सार, जड असाही अर्थ आहे, पण माणसाला म्हटलं तर, म्हणजे, बोर करणारा. तेच तेच बोलून डोकं खाणारा."

ते गेल्यावर आपलं जे भांडण झालं ते तुला सांगायला नको. चार लोकांत माझी अब्रू काढलीस, असं मी म्हणालो. तू भांडी विसळत होतीस. तू वळलीस आणि म्हणालीस, "आणि तुम्ही चार लोकांत माझी काय केलीत? चौतीस वर्षें?" मी जेवणघरातून उठून गेलो. माझा राग पंधरा दिवस टिकतो, हे तू सगळ्या नातेवाइकांना सांगायचीस. या वेळी तो अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी रागवायला तू नव्हतीस.

मला राग अजून आहे, रुक्कू. तुझ्यावर नाही. त्या अकरा दिवसांवर आहे. टेबलाच्या एका टोकाला तू वही लिहीत होतीस, दुसऱ्या टोकाला मी पेपर वाचत होतो, आणि मीठ हवं असलं तरी मी उठून घेत होतो, मागत नव्हतो. किती मूर्ख माणूस असू शकतो याला काही हद्द?

आनंद सोळाव्या दिवशी परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, मी इनेसला हळूहळू सांगेन. तुम्ही काळजी नका करू. रविवारी मीच फोन करत जाईन तुम्हाला." त्यानं केलाही. पण तो फोन माझ्यासाठी होता. इनेस मागून "अबुएला? अबुएला?" विचारताना ऐकू यायची आणि आनंद तिला काहीतरी सांगून गप्प करायचा. अबुएला म्हणजे आजी, एवढं मला तोवर कळलं होतं. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलंच नाही. ते मला जास्त लागलं. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की हा फोन बंद पडू द्यायचा नाही. काय वाटेल ते करीन, पण या घरातून रविवारी पाच वाजता फोन जाईल आणि बोलणारा मी असेन.

म्हणून तुझी वही काढली. पहिली चौदा पानं, माझ्या लाल गोलांसकट, पाठ केली. त्यात नमस्कार होता, अंक होते, भाज्या होत्या. पंधराव्या पानावर मी अडकलो. उजवीकडे सगळी तमिळ अक्षरं. वही घेऊन मीनाक्षी मामींकडे गेलो. म्हटलं, तेवढं वाचून अर्थ सांगा. मामींनी चष्मा लावला, एक पान बघितलं, दुसरं बघितलं, आणि मान हलवली. "एळुत्तु तमिळ तान् सार्. आना वार्त्तै पुरियलै." अक्षरं तमिळच आहेत, पण शब्द कळत नाहीत. दुसरीच काहीतरी भाषा आहे ही.

मी म्हटलं, नाही कळलं तर राहू दे, नुसतं मोठ्यानं वाचा.

मामी अक्षर अक्षर जोडत वाचायला लागल्या. "अस्... के... जे... वले... का."

मी मामींच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. चौकट धरली. मामी घाबरल्या, "एन्न सार्, एन्न आच्चु?" म्हणून पाणी आणायला धावल्या. काय झालं ते मी त्यांना काय सांगणार? तू तमिळ लिहीतच नव्हतीस. तू मराठी लिहीत होतीस, तुझी मराठी, तमिळ अक्षरांत, जिथे माझी पेन्सिल पोचू शकणार नाही अशी. तुझे वडील तुला अशीच पत्रं लिहायचे ना? ती पोस्टकार्डं मी चौतीस वर्षं हातात घेतली, तमिळ आहे म्हणून न बघता तुझ्याकडे दिली, आणि एकदाही विचारलं नाही की यात लिहिलंय काय. तुमच्या घरी सगळेच असं लिहीत, हे परवा मला तुझ्या भावानं सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं की मला माहीत नव्हतं.

मामी म्हणाल्या, रोज दुपारी या, मी सगळी वही वाचून दाखवते. मी नको म्हटलं. तुझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बालवाडीचं अंकलिपीचं पुस्तक आणलं. वर हत्ती, खाली अक्षर. त्रेसष्टाव्या वर्षी मी जेवणाच्या टेबलावर बसून अ, आ गिरवला. बसच्या बोर्डांमुळे निम्मी अक्षरं ओळखीची होतीच. बसमध्ये दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला लागलो, कंडक्टर एकदा म्हणाला, "सार्, उतरायचं कुठे ते सांगा, बाकी मला वाचता येतं." तीन आठवड्यांत मी तुझी वही वाचायला लागलो. ग आणि क एकाच अक्षरात, द आणि त एकाच अक्षरात, त्यामुळे कित्येक शब्द आधी तोंडातल्या तोंडात दोन-तीन प्रकारे म्हणून पाहावे लागतात. मग एकदम तुझा आवाज येतो. वहीतला प्रत्येक शब्द मला तुझ्या हेलात म्हणावा लागतो, त्याशिवाय तो कळतच नाही.

पेसादोचं पान तेहतिसावं. ते मी एका सकाळी वाचलं, आंघोळ करून. तू लिहिलेलं जसंच्या तसं खाली उतरवतो आहे, एक अक्षरही न सुधारता.

'पेसादो. एक, जड. पेटी, पोतें. दोन, पचायला जड. तीन, गाढ, झोंप असती ती. चार, तेंच तें सांगून डोकें खाणारा मनुष्य. टीचर विचारती, मिस्टरचें नांव आतां बदलूं कां? मी नको म्हटलें. पहिला अर्थ बघून ठेवलेलें नांव. बाकी अस्के मागून शिकलें. बदलावें असें वाटलें नाहीं.'

त्याच्या खाली वेगळ्या शाईत, म्हणजे भांडणानंतर कधीतरी, अजून एक ओळ होती. 'राग उतरल्यावर त्यांना सांगेन.'

रडलो, हे लपवत नाही. मग उठून शर्ट घातला आणि अड्यारची बस धरली. कारण तो मंगळवार होता आणि क्लास दहाला सुरू व्हायचा होता. सांगायचं तुझं राहिलं, पण लिहून तरी ठेवलंस. माझं तर तेही नव्हतं. मला एकदा तरी म्हणायला हवं होतं की रुक्कू, तुझी मराठी ऐकायला बरी वाटते. ती मला पहिल्या दिवसापासून बरी वाटत होती. मी हसलो ते साताऱ्याच्या ओसरीला घाबरून.

शारदानं मला तुझ्याच खुर्चीवर बसवलं. हजेरीसाठी नाव विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मी म्हटलं, पोरी, हजेरीत माझं जे नाव आधीपासून लिहिलंय तेच ठेव, फक्त कंस काढ. पहिल्या गृहपाठाला मला एकोणीस चुका मिळाल्या. लाल शाईनं गोल केलेल्या. घरी येताना बसमध्ये ती वही मी पिशवीत तळाशी ठेवली, शेजारच्या माणसाला दिसू नये म्हणून. तुला तेव्हा कसं वाटलं असेल ते कळायला मला एवढा वेळ लागला.

गेल्या आठवड्यात आनंदला फोन करून सांगितलं, "येत्या रविवारी इनेसला मी सांगणार. तुझी आई गेली हे."

"बाबा, ती पाच वर्षांची आहे."

"म्हणूनच. नऊ रविवार झाले. अजून किती दिवस आजीला आजारी ठेवणार तू?"

"मी सांगतो ना. तुम्हाला नाही जमायचं ते. भाषा—"

"तुझी आई तिच्याशी या घरातून बोलायची, आनंद. सांगायचंही या घरातूनच. चुकलो तर तिथे लुसिया आहे, तू आहेस. पण सुरुवात मी करणार."

तो म्हणाला, "अम्मासारखेच हट्टी झालात." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

शारदाकडून मी पाच वाक्यं लिहून घेतली. तिनं आधी मऊ मऊ वाक्यं सुचवली, आजी आकाशात गेली, आजी झोपली. मी म्हटलं, झोपली म्हणून सांगितलं तर पोर ती उठायची वाट बघेल. साधं सांग. मग तिनं साधं सांगितलं. शनिवारभर मी ती पाच वाक्यं घरभर फिरून म्हटली. मामींना वाटलं असेल, हा मंत्र वगैरे म्हणतोय.

काल पाच वाजता मी फोन लावला. लुसियानं उचलला, माझा आवाज ऐकला आणि काही न बोलता पोरीला बोलावलं.

"अबुएला?"

"नो," मी म्हटलं. "सोय एल अबुएलो." मी आजोबा बोलतोय.

मग बारीक आवाजात, "एल पेसादो?"

म्हणजे तू तिलाही सांगून ठेवलं होतंस. मी म्हटलं, "सी. एल पेसादो." हो, तोच. ती हसली. नऊ आठवड्यांत मी पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं, आणि लगेच मला पुढचं वाक्य म्हणायचं होतं. कागद समोर होता. ओळीवर बोट ठेवून मी वाचत गेलो. आजी आता आजारी नाही, असं म्हटलं. आजी गेली, असं म्हटलं. तो शब्द मी चुकीचा म्हटला असणार, कारण ती हळूच म्हणाली, "मुरिओ." ती माझा उच्चार सुधारत होती. सुधारता सुधारता तिला तो शब्द काय आहे ते कळलं. मी तिच्यासारखा पुन्हा म्हटला. लुसिया मागे रडत होती, इनेस नव्हती. ती विचार करत होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, मला खूप वाईट वाटतं. ती म्हणाली, तिलाही. तेवढं मला कळलं.

विमानतळावर तिनं तुला काय विचारलं होतं, ते तू नंतर तिच्याकडून काढून घेतलंस का गं? वहीत मला सापडलं नाही. तुला विचारायचं राहिलं. तिला आता आठवत नसेल.

मला वाटलं, आता ती फोन आईकडे देईल. माझी पाच वाक्यं संपली होती. मी रिसीव्हर कानाला तसाच लावून उभा होतो. तेवढ्यात तिनं अगदी कामाच्या गोष्टीसारखं विचारलं, "इ एल दोमिंगो, किएन यामा?" आणि रविवारी फोन कोण करणार?

या प्रश्नाचं उत्तर शारदानं लिहून दिलेलं नव्हतं.

"यो," मी म्हटलं. मी.